पाइपाच्या तळाशी

या परिषदेसाठी देशभरातून आलेले अभियंते आणि जीवना बंदरावरच्या माझ्या कोळी बंधुभगिनींनो,

पेशव्यांचे मूळ गाव, रोठा सुपारीचे गाव म्हणून आपण आमच्या श्रीवर्धनला ओळखता. पण आमच्या वायव्येला, भर समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्रही आहे. १९७४ साली समुद्रात विहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधले आणि पुढे उरणपर्यंत सुमारे २०० किलोमीटरची वाहिनी समुद्रतळावरून आली.

१७ मे १९९३ रोजी मुंबई हायवरची राइजर, म्हणजे समुद्रतळापासून तेलफलाटाकडे उभी जाणारी नळी, फुटली. हजारो टन कच्चे तेल सांडले आणि मुरूडच्या किनाऱ्याला लागले. मे महिना म्हणजे आमच्याकडे आगोटीचे दिवस. जवळा, बोंबील, सोडे वाळत पडलेले असतात. पावसाळ्याची सारी बेगमी तीच. अशा वेळी किनाऱ्यावर तेल येणे म्हणजे चार महिन्यांच्या चुलीवर घाला. पुढे २०११ आणि २०१३ मध्येही मुंबई-उरण वाहिनीला गळती झाली.

प्रत्येक गळती गंजानेच होते असे नाही. पण आतला गंज सगळ्यांत लबाड. तेलक्षेत्र जुने होते तसे तेलाबरोबर येणारे पाणी वाढते. प्रवाह मंदावला की ते पाइपाच्या तळाशी बसते. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून आम्ल तयार होते, गाळाखाली सल्फेटवर जगणारे जिवाणू वस्ती करतात आणि पोलादाला खळगे पडत जातात. बाहेरचे काँक्रीटचे आवरण मात्र शाबूत दिसते! पिग, म्हणजे वाहिनीच्या आतून सरकत जाणारे यंत्र, फिरवून तळ साफ करणे, गंजरोधक रसायन सोडणे, चुंबकीय पिगने भिंतीची झीज शोधणे, हे उपाय आपल्या हातात आहेत. जुन्या वाहिनीच्या बाबतीत खर्चापायी त्यांत चालढकल करणे मला अक्षम्य वाटते.

बारीक छिद्रातली गळती दाबमापकावर सहसा उमटत नाही. तवंग आधी दिसतो तो बोटीवरच्या माणसाला. म्हणून मच्छीमार संस्था आणि नियंत्रण कक्ष यांच्यात चोवीस तास चालणारा, मराठीत बोलणारा फोन हवा. तपासणीचे निष्कर्षही किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना कळायला हवेत. दुपारच्या सत्रात आमचे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटींचे प्रमुख, बोलणार आहेत. त्यांना भरपूर प्रश्न विचारा, आणि त्यांच्या प्रश्नांना इथेच उत्तरे द्या, ही यजमान म्हणून माझी विनंती.