पेटीच्या पट्ट्या आणि संगणकाची लेखणी

गणेशचतुर्थीच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यांतील वाड्यावाड्यांतून रात्रीं भजनाचा नाद उठतो. मुंबईचे चाकरमानी घरीं आलेले असतात, ओटीवर सतरंजी पसरलेली असते, आणि मृदंगाच्या थापेबरोबर बुवा पेटीचा भाता हालवूं लागतात. ते जी चाल धरतात ती पुष्कळदां कोठेंहि लिहिलेली नसते. गुरूच्या बोटांतून ती त्यांच्या बोटांत आलेली असते. ज्या बुवांचा शिष्य नोकरीसाठीं शहरांत जातो आणि पेटी सोडतो, त्यांची चाल त्यांच्याबरोबरच संपते. अभंगाचे शब्द छापील गाथेंत सांपडतात. चाल मात्र सांपडत नाहीं.

चाल कागदावर उतरविण्याचा उद्योग महाराष्ट्राला नवा नाहीं. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि आपली स्वरलेखनपद्धति शिष्यांस शिकविली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं गवयांकडून असंख्य चिजा मिळवून त्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापल्या. त्यांच्या पद्धतींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खालीं बिंदु व तार सप्तकास वर बिंदु, अशा मोजक्या चिन्हांवर काम भागतें. परंतु कानानें ऐकत हातानें लिहिणें हें मोठ्या चिकाटीचें काम आहे, आणि तेवढी चिकाटी प्रत्येक वाडीवर कोठून यावी?

या कष्टांचा कांहीं भाग आतां यंत्र उचलूं शकतें. विजेवर चालणारी पेटी, जिला सर्वत्र 'कीबोर्ड' म्हणतात, ती संगणकाला जोडली म्हणजे वाजविलेले स्वर पडद्यावर आपोआप लिहिले जातात. त्यामागची संकेतभाषा 'मिडी' या नांवानें ओळखली जाते. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें ती १९८३ सालीं प्रचारांत आली. पूर्वीं यासाठीं पांच टांचण्यांची गोल खांच असे. आतांच्या बहुतेक कीबोर्डांस 'यूएसबी'ची खांच असते आणि एका साध्या तारेनें काम होतें. स्वर मांडून देणाऱ्या संगणक-प्रणालींपैकीं 'म्यूझस्कोर' ही विनामूल्य मिळते.

येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या तारेंतून नाद जात नाहीं. जाते ती केवळ वर्दी. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढेंच संगणकास कळतें. प्रत्येक पट्टीला एक अंक दिलेला आहे. मधल्या सप्तकांतील पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१, आणि याप्रमाणें पुढें.

पहिली अडचण येथेंच उभी राहते. पाश्चात्य लेखनांत स्वराचें स्थान कायमचें ठरलेलें असतें; आपल्याकडे षड्ज गाणाराच्या गळ्याप्रमाणें बदलतो. बुवांनीं काळी एक धरली तर त्यांचा षड्ज ६१ आणि पंचम ६८ होतो. पांढरी एक षड्ज समजून वाचणारास तोच ६८ कोमल धैवत वाटेल, आणि सरळ चालीचें भलतेंच रूप होईल. उपाय सोपा आहे. प्रत्येक अंकांतून षड्जाचा अंक वजा करावा. बाकी शून्य राहिली तर षड्ज, चार राहिली तर शुद्ध गांधार, सात राहिली तर पंचम. म्हणून वहीच्या पहिल्या ओळींत चालीची पट्टी लिहून ठेवणें अगत्याचें आहे. पडद्यावर पाश्चात्य पद्धतीच्या पांच रेघा उमटतात. परंतु गीताच्या शब्दांसाठीं असलेल्या ओळींत त्यांच्याखालीं देवनागरींत सा, रे, ग, म लिहितां येतात. गांवच्या मुलांस ती ओळ पुरे.

दुसरी अडचण लयीची. संगणक ठोके देतो आणि त्या ठोक्यांस धरून मात्रा मोजतो. भजनाची लय मात्र संथ निघते आणि गजरापर्यंत वाढत जाते. ठोक्याशीं तिची फारकत झाली कीं पडद्यावर पाव आणि अर्धपाव मात्रांचा गुंता उमटतो. अशा वेळीं चाल एका ओघांत न वाजवितां आधीं स्वराची मात्रा ठरवून मग पट्टी दाबावी, आणि एकेक आवर्तन पुरें करावें. वेळ अधिक लागतो. लेखन शुद्ध होतें.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पेटीवर मींड निघत नाहीं, हा आक्षेप जुना आहे. त्याच वादांतून १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस बंदी केली आणि ती पुढें तीसेक वर्षें टिकली. दरबारी कानड्यांतील आंदोलित कोमल गांधार कोणत्याहि एका पट्टींत मावत नाहीं. कीबोर्डास स्वर वळविण्याचें एक चक्र असतें, परंतु लेखन करणाऱ्या बहुतेक प्रणाली त्या वळणाची दखल कागदावर घेत नाहींत. बुवांची बोटें पट्ट्यांवर असतात, आणि चालीचें मर्म त्यांच्या गळ्यांत असतें. तें उतरवावयाचें तर यंत्राचें काम संपल्यावर जाणत्यानें कान देऊन बसावें, मींडेची कमान व कणस्वर हातानें भरावे, समेवर खूण करावी, आणि पानाबरोबर बुवांच्या गायनाचें ध्वनिमुद्रणहि जपून ठेवावें.

महाभारत लिहितांना गणपतीनें अट घातली कीं, लेखणी थांबतां कामा नये. व्यासांनीं उलट अट घातली कीं, अर्थ कळल्याशिवाय अक्षर लिहूं नये. संगणक हा पहिली अट उत्तम पाळणारा लेखनिक आहे. दुसरी अट त्यास ठाऊक नाहीं. ती पाळण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. तेव्हां चतुर्थीला घरीं येणाऱ्या तरुणानें आपल्याबरोबर कीबोर्ड आणि तार अवश्य आणावी. परंतु ती जोडण्यापूर्वीं एक रात्र बुवांच्या शेजारीं बसून चाल नीट ऐकावी. बुवा आहेत तोंवरच हें होणें शक्य आहे.