यंत्राच्या पोटांतील पोथी



जुनीं घड्याळें उघडून बसणारा, जुनीं नाणीं जमविणारा, जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या जपणारा असा एखादा तरी मनुष्य आपणां सर्वांच्या ओळखीचा असतो. परंतु ज्याचें भंगारवालाही फार मोल करीत नाहीं असा जुना संगणक उघडून त्याच्या पोटांतील आंकडे वाचीत बसणारे लोकही आहेत. केज तालुक्यांतील नांदूरघाट या गांवीं राहणारा, निवृत्त झालेला हा शाळामास्तर त्यांतलाच एक. या छंदाच्या पोटीं एक निकडीचें कर्तव्य आहे, आणि तें करण्याची मुदत संपत आलेली आहे, एवढेंच आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून देतों. इंटेल या अमेरिकन कंपनीनें १९७६ सालीं ८०८५ या नांवाची एक चिप बाजारांत आणली. सुमारें ६,५०० ट्रान्झिस्टरांची ही चिप म्हणजे एका लहानशा संगणकाचा मेंदूच होय. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनीं यंत्राचीं मुळाक्षरें हिच्यावरच गिरविलीं. त्यासाठीं जो शिकवणीचा संच असे, त्याला विद्यार्थी ‘किट’ म्हणत. त्याला आजच्यासारखा पडदा नसे. एका सपाट पट्टीवर कांहीं चिपा, हिशेबाच्या यंत्राला असतात तशा कांहीं कळा, आणि लाल प्रकाशानें आंकडे दाखविणारीं सहा घरें, एवढाच त्याचा संसार. अशीं किटें आतां डेडस्टॉक रजिस्टरांतून निर्लेखित होऊन लिलावांत किलोच्या भावानें विकलीं जातात. मजजवळचें किट अशाच एका लिलावांतून फिरत फिरत आलेलें आहे.

या यंत्राशीं बोलावयाचें तें केवळ आंकड्यांनीं. मोजणी दहांच्या पटीनें न होतां सोळांच्या पटीनें होते; म्हणून नवाच्या पुढें ए, बी, सी, डी, ई, एफ हीं सहा अक्षरेंही अंक म्हणूनच वापरतात. समजा, पांच आणि तीन यांची बेरीज करून उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवावयाचें आहे. त्यासाठीं नऊ जोड्या दाबाव्या लागतात: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६. यांत ३ई म्हणजे पुढील संख्या ‘ए’ या खणांत ठेव. ०६ म्हणजे पुढील संख्या ‘बी’ या खणांत ठेव. ८० म्हणजे दोहोंची बेरीज कर. ३२ म्हणजे उत्तर पुढें सांगितलेल्या पत्त्यावर नेऊन ठेव. आणि ७६ म्हणजे थांब. पत्ता २०५० असतां तो ५० आणि २० असा उलटा कां लिहिला, असें आपण विचाराल. ही चिप संख्येचा लहान भाग आधीं घेते व मोठा मागून घेते. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शब्दांनीं संख्या सांगतांना एकंस्थानचा अंक आधीं सांगत, तशीच ही रीत आहे. ज्यांनीं ते ग्रंथ चाळले असतील त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

ही आंकड्यांची भाषा एके काळीं मुंबईच्या विद्वानांसही शिकावी लागे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला टिफ्रॅक नांवाचा संगणक १९६० सालीं कामास लागला, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्याची स्मृति २,०४८ शब्दांची होती. त्याच्यापुढें माझें किट म्हणजे मुंगीच. पण यंत्राला काय करावयाचें तें त्याच्याच बोलींत सांगण्याची विद्या दोन्ही ठिकाणीं सारखीच आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. मीं कळ दाबली हें किटाला कसें कळतें? लाल घरांत आंकडा कोण उमटवितो? तें काम करणाऱ्या आज्ञा कारखान्यांतच एका निराळ्या चिपेंत लिहून ठेवलेल्या असतात. वीज सुरू होतांच ८०८५ ही चिप शून्य क्रमांकाच्या पत्त्यापासून त्या वाचूं लागते. ही लिहिलेली चिप म्हणजे यंत्राच्या पोटांतील पोथी होय. ती नाहींशी झाली कीं उरलेला सांगाडा शाबूत असूनही मुका होतो.

ही पोथी ज्या चिपेंत असते तिला ईप्रॉम म्हणतात. इंटेलमधील डोव्ह फ्रोमन या शास्त्रज्ञानें १९७१ सालीं ही युक्ति जगापुढें आणली. चिपेच्या पाठीवर क्वार्ट्झची एक लहानशी खिडकी असते. आंत प्रत्येक बिटासाठीं चोहों बाजूंनीं निरोधक थरानें वेढलेलें एक सूक्ष्म बेट असतें. लिहितांना त्या बेटावर विद्युद्भार चढवितात. भार असला म्हणजे शून्य वाचलें जातें, नसला म्हणजे एक. खिडकीतून अतिनील प्रकाश सोडला कीं भार निघून जातो, आणि पाटी पुसावी तशी चिप कोरी होते. निर्मात्यांच्या माहितीपत्रकांतच असा इशारा असे कीं, खिडकी उघडी राहिली तर थेट उन्हांत सुमारें एका आठवड्यांत, आणि ट्यूबच्या उजेडांत सुमारें तीन वर्षांत लिखाण पुसलें जाऊं शकतें. यासाठींच खिडकीवर चिठ्ठी डकविलेली असते. परंतु चिठ्ठी असली आणि चिप अंधारांत असली, तरीही तो भार वर्षानुवर्षें हळूहळू झिरपतच असतो. १९८० नंतरच्या दशकांत लिहिलेल्या या चिपांचें वय आतां चाळिशीच्या आसपास आलें आहे. कांहीं अजून ठणठणीत आहेत. कांहीं केव्हांच विसरूं लागल्या आहेत.

एक बिट ढळल्यानें असें काय बिघडतें? नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाची ‘ध चा मा’ ही आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. तिचा खरेखोटेपणा इतिहाससंशोधकांनीं पाहावा. पण एका अक्षरानें हुकूम कसा पालटतो हें समजण्यास तिच्याहून चांगला दाखला नाहीं. आमच्या यंत्रांतील ७६ म्हणजे ‘थांब’. त्यांतील एका बिटाचा भार गेला, शून्याचें एक झालें, कीं ७६ चे ७ई होतात. आणि ७ई म्हणजे ‘स्मृतींतून संख्या उचल’. यंत्र थांबत नाहीं. पुढें जें कांहीं हातीं लागेल त्यालाच हुकूम समजून तें करीत सुटतें.

आमच्या बीड जिल्ह्यांत अंबाजोगाईस दासोपंतांनीं कापडावर लिहिलेली पासोडी आहे. कापड जीर्ण झालें, शाई फिकी पडली, तर तें डोळ्यांस दिसतें, आणि जाणता मनुष्य वेळीं सावध होतो. या चिपेचें तसें नाहीं. तिच्यांतील अक्षर उडालें तरी बाहेरून ती कालच्यासारखीच दिसते. म्हणून यंत्र बंद पडण्याची वाट न पाहतां, तें चालत आहे तोंवरच त्याची नक्कल करून घेतली पाहिजे.

नक्कल करण्याची रीत कठीण नाहीं. चिप वाचण्याचें एक लहानसें उपकरण मिळतें. तें आजच्या संगणकास जोडतां येतें. एकदां वाचून संतोष मानूं नये. तीनदां वाचावें, शक्य तर निरनिराळ्या दिवशीं, आणि तीनही नकला बाइटाबाइटानें ताडून पाहाव्या. एखाद्या ठिकाणीं कधीं शून्य तर कधीं एक असें येऊं लागलें, तर तें अक्षर उडण्याच्या बेतांत आहे असें समजावें. सर्व आंकड्यांची बेरीजही मांडून ठेवावी. मात्र दोन चुका एकमेकींस झांकूं शकतात, म्हणून केवळ बेरजेवर विसंबूं नये. २७१६ या क्रमांकाच्या चिपेंत २,०४८ बाइट मावतात. एका ओळींत १६ याप्रमाणें त्यांच्या १२८ ओळी होतात. शाळेच्या वहीचीं पांच-सहा पानें पुरे! उपकरण नसेल तर किटाच्याच कळा दाबून एकेक पत्ता पाहत ती पोथी हातानें उतरवितां येते. आमच्या गांवच्या दोन विद्यार्थ्यांनीं एक आंकडा वाची व दुसरा लिहून घेई, अशा रीतीनें सुटीच्या दिवसांत हें काम पार पाडलें.

नक्कल झाली कीं मग खरा आनंद सुरू होतो. मोडी वाचूं लागणारा मनुष्य प्रथम ओळखीचें ‘श्री’ पकडतो, आणि त्याच्या आधारानें पुढें सरकतो. तसेंच येथें करावें. दिव्यांच्या सात रेघांनीं शून्य, एक, दोन, तीन काढण्याचे नेहमीचे संकेत ३एफ, ०६, ५बी, ४एफ असे आहेत. जोडणी निराळी असेल तर हे संकेतही निराळे असतात. पण अशी एखादी मालिका सांपडली कीं आंकडे उमटविणारा भाग जवळच आहे असें समजावें. तेथून मागें मागें जात एकेका आज्ञेचा अर्थ लिहीत गेलें, म्हणजे कारखान्यांतल्या त्या अज्ञात कारागिराचें मन उलगडूं लागतें. पुढें वाटेल तो फेरफार करावा. मात्र तो नकलेंत करावा, नव्या चिपेवर लिहावा, आणि मूळ चिप खिडकी झांकून जपून ठेवावी. लिहितांना व्होल्टेजही पाहावें. २७१६ ला २५ व्होल्ट लागतात. पुढच्या पुष्कळशा चिपांना साडेबाराच पुरतात. ही चूक झाली तर चिप प्राणास मुकते. पुसण्याच्या अतिनील दिव्याकडे उघड्या डोळ्यांनीं कधींही पाहूं नये.

हें सारें किटापुरतेंच असतें तर मीं आपला वेळ घेतला नसता. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालेलें ‘जिस्ट’ हें तंत्र तिनें पुढें नेलें. जिस्टचें कार्ड संगणकांत बसविलें कीं इंग्रजीसाठीं केलेल्या डॉसच्या साध्या कार्यक्रमांतही देवनागरी अक्षरें उमटत. त्याच प्रयत्नांतून इस्की हा अक्षरांचा संकेत आकारास आला व १९९१ सालीं भारतीय मानक ठरला. आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. आज आपण फोनवर मराठी पत्र लिहितां, त्याची वंशावळ अशी त्या कार्डांपर्यंत पोंचते. तीं कार्डें आज कोठें आहेत? कांहीं कचेऱ्यांच्या अडगळींत असतील, कांहीं शहरांतील घरांच्या माळ्यांवर असतील, आणि पुष्कळशीं तांब्यासाठीं वितळविलीं गेलीं असतील. ज्ञानेश्वरीची जुनी प्रत सांपडली तर आपण तिला हात जोडतों. पडद्यावर मराठी अक्षर उमटविणाऱ्या त्या पहिल्यावहिल्या साधनांस रद्दीचा भाव यावा, हें आपणांस शोभणारें नाहीं.

म्हणून माझी विनंति अशी आहे. आपल्या घरीं, कचेरींत अथवा महाविद्यालयांत जुना संगणक किंवा किट असेल, तर तें काढून टाकण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या विद्यार्थ्यास दाखवा. त्याच्यासोबतची छापील पुस्तिका फेंकूं नका. पुष्कळदां ती यंत्राहूनही दुर्मिळ असते. तें ओलीपासून दूर ठेवा, आणि पुष्कळ वर्षें बंद असलेलें यंत्र कुतूहलापोटीं एकदम विजेस जोडूं नका. आणि चिपेच्या पाठीवर चिठ्ठी दिसली तर ती सोलूं नका. तिच्याखालीं काय आहे तें आतां आपणांस ठाऊक झालेंच आहे.