एकाच प्रतीचे वैभव



बीदर शहरात महमूद गवानाचा मदरसा उभा आहे. बहमनी राज्याच्या या विद्वान वजिराने 1472 मध्ये तो पुरा केला. तेथील ग्रंथसंग्रहात सुमारे 3000 हस्तलिखिते होती, असे इतिहासकार सांगतात. 1481 मध्ये गवानाचा शिरच्छेद झाला. पुढे मोगल अमलात त्याच वास्तूत बंदुकीची दारू साठविली गेली आणि 1696 मध्ये स्फोट होऊन दर्शनी भाग मोठ्या प्रमाणात कोसळला. आज तेथे एक मिनार आहे, निळ्या-हिरव्या फरशांचे अवशेष आहेत. ग्रंथ मात्र नाहीत. संग्रह जेवढा थोर, तेवढा त्याचा विनाशही एकदम होतो, हा या भग्न वास्तूचा बोध होय.

तो जुन्या काळापुरता आहे, असे मानण्याचे कारण नाही. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रात विद्युतघटांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ज्या भांडारात होती, ते जळून गेले. त्यात 858 टेराबाइट माहिती होती. एक टेराबाइट म्हणजे हजार गिगाबाइट. बाहेर कोठेही तिची प्रत नव्हती. कारण काय सांगितले गेले? तर भांडार फार मोठे असल्याने प्रत ठेवणे शक्य झाले नाही! वस्तुतः ज्याची प्रत सर्वांआधी व्हावयास हवी, त्याच्याच आकाराकडे बोट दाखवून ते काम टाळले गेले.

अडचण खोटी नाही. दर सेकंदास एक गिगाबाइट या वेगाने 858 टेराबाइट उतरवून घ्यावयाचे म्हटले, तर सुमारे 10 दिवस लागतात; आणि तेवढ्या अवधीत मूळ भांडार बदलत राहते. म्हणून जाणकार एकदाच संपूर्ण प्रत करतात आणि नंतर रोज केवळ नवे वा बदललेले तेवढेच उतरवून घेतात. ग्रंथपाल दरवर्षी सर्व ग्रंथांची नोंद नव्याने करीत नाही, दाखलनोंदवहीत नवी ओळ घालतो. तद्वतच हे आहे. शिवाय सर्वच माहिती सारख्या मोलाची नसते. जे पुन्हा मिळणार नाही त्याला अग्रमान द्यावा, जे अन्यत्र उपलब्ध आहे त्याने थांबावे, हा विवेक केला की अशक्य वाटणारे काम आवाक्यात येते.

परंतु प्रत केली म्हणजे रक्षण झाले, असेही नाही. मूळ वस्तूशी क्षणोक्षणी जुळवून घेणारी प्रत ही आरशातील प्रतिबिंबासारखी असते. मुळात काही पुसले गेले की तेथेही पुसले जाते. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातील महासंगणकाच्या भांडारातून सुमारे 77 टेराबाइट संशोधन-माहिती नष्ट झाली. दोष होता तो प्रती घेणाऱ्या आज्ञावलीतच! राखणदारानेच कोठार रिते करावे, तसा हा प्रकार. याउलट फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलच्या काही ग्राहकांचा पत्रसंग्रह एका सदोष बदलामुळे नाहीसा झाला, तेव्हा यंत्रापासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून तो परत मिळविण्यात आला. चालू यंत्रातील चूक अलग ठेवलेल्या फितीपर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून या विद्येत एक साधा नियम रूढ आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक दूरच्या ठिकाणी असावी.

मराठी मनाला हा विचार परका नाही. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत हरपली, तेव्हा हिराइसेच्या मुखोद्गत पाठाच्या आधारे तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे महानुभाव परंपरा सांगते. कागद हे एक माध्यम, स्मृती हे दुसरे. पहिले गेले, दुसऱ्याने तारले. बीदर परिसराशी जन्माने जोडलेल्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर लिहिले. ती पासोडी अंबाजोगाईस जतन झाली आहे.

सीमाभागातील ग्रंथालयापुढे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते, 1956 पासून ते कन्नडभाषक राज्यात आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी वाचकाची आठवण ज्या जुन्या अंकांत, स्मरणिकांत आणि हस्तलिखितांत आहे, त्यांची दुसरी प्रत पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत असेलच असे नाही. त्यांची छायाचित्रे संगणकावर आली की निर्धास्त होण्याचा मोह पडतो. पण तोच संगणक, त्याच खोलीत आणि त्याच कुलपात असेल, तर गवानाच्या मदरशाहून स्थिती निराळी नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने विश्वस्तांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. अन्यत्र न मिळणाऱ्या ग्रंथांची यादी प्रथम करावी. त्यांच्या प्रतींपैकी एक दुसऱ्या गावच्या संस्थेकडे ठेवावी आणि तिची प्रत स्वतःकडे आणावी. आणि दर वर्षी कोणताही एक ग्रंथ राखीव प्रतीतून प्रत्यक्ष उघडून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून पाहावा. न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते. उघडून वाचलेली प्रत हीच खरी ठेव होय.