तळघरातली यंत्रं

(1976च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि एकाच प्रश्नाचं उत्तर मागितलंय : निवृत्तीनंतर काय करतोस? कुणी गिरनार चढतंय, कुणी पेटी शिकतंय, कुणी नातवंडं सांभाळतंय. मी जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवतो. हसा, मोकळेपणानं हसा. माझी बायको गेली अठरा वर्षं हसतेय. अमेरिकेत ओहायोमधल्या आमच्या घराच्या तळघरात आज अशी तेवीस यंत्रं आहेत. तिचं म्हणणं, एवढी यंत्रं असूनही त्या तळघराइतकी धूळ घरात दुसरीकडे कुठंच नाही!

हा नाद लागला तो एका माणसामुळे. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर कँटन नावाचं गाव आहे. तिथं 1907 साली जेम्स मरे स्पँगलर नावाचा, साठीला टेकलेला एक माणूस मोठ्या दुकानात झाडलोटीचं काम करायचा. त्याला दम्याचा विकार होता. गालिचे झाडायचं यंत्र ढकललं की धूळ उडायची आणि त्याचा जीव घाबरा व्हायचा. शेवटी त्यानं विजेच्या पंख्याची मोटर घेतली, साबणाचं खोकं घेतलं, झाडूचा दांडा लावला आणि धूळ साठवायला मागं उशीचा अभ्रा बांधला. जून 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं.

त्याच्याआधी यंत्रं नव्हती असं नाही. लंडनमध्ये 1901 साली ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरनं रेस्टॉरंटातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून पाहिली. रुमालावर धूळ चिकटलेली दिसली आणि त्याला मार्ग सापडला. पण त्याचं यंत्र घोडागाडीवर यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून लांबलचक नळ्या घरात सोडायचं. 1902 मध्ये राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानंच साफ केले. म्हणजे बूथचं यंत्र राजाच्या दारी गेलं. स्पँगलरचं यंत्र झाडणाऱ्याच्या हातात मावलं.

स्पँगलरकडे धंद्यासाठी भांडवल नव्हतं. त्याचं एक यंत्र सुझन हूवर नावाच्या बाईंनी वापरलं आणि त्यांना ते फार आवडलं. त्यांच्या यजमानांचा चामड्याच्या सामानाचा धंदा होता. मोटारी आल्यावर घोड्यांच्या साजाला गिऱ्हाईक किती दिवस राहणार, ही चिंता होतीच. त्यांनी पेटंट विकत घेतलं. पुढं इंग्लंडात 'हूवर' हे क्रियापदच होऊन बसलं. स्पँगलर 1915 मध्ये वारला. त्याचं नाव आता पेटंटच्या कागदावर आणि आमच्यासारख्या नादिष्टांच्या तोंडी उरलंय.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगतो. बाई, तुम्ही पाण्यानं भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा धरला होतात आणि पाणी सांडलं नव्हतं. व्हॅक्यूम क्लीनरमध्येही तेच तत्त्व आहे. पंखा आतला दाब कमी करतो, बाहेरची हवा आत घुसते आणि वाटेतली धूळ सोबत नेते. कापडी पिशवी हवेला सोडते, धुळीला अडवते. तेवीस यंत्रांत मूळ गोष्ट एवढीच आहे.

पण घडण बघाल तर प्रत्येकाची तऱ्हा निराळी. 1936चा हूवर 150 हेन्री ड्रेफस या नामवंत आरेखकानं केलेला, डोक्यावर बेकेलाइटचं झाकण. 1937चा इलेक्ट्रोलक्स आडव्या नळकांड्यासारखा, खाली बर्फावरच्या गाडीला असतात तशा घसरपट्ट्या. आणि 1950च्या दशकातला कॉन्स्टेलेशन तर गोल चेंडू. स्वतःच सोडलेल्या हवेवर जमिनीपासून किंचित उचलला जातो. नातवंडांचा तोच लाडका.

ही यंत्रं मला लोकांच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळतात, कधी पाच डॉलरला, कधी 'घेऊन जा बाबा' म्हणून. आणल्यावर लगेच प्लग लावायचा नाही, कारण वायरवरचं जुनं रबर चुऱ्यासारखं गळतं. आधी वायर बदलायची, झिजलेले कार्बन ब्रश बदलायचे, बेअरिंगमधलं वाळलेलं ग्रीस काढून नवं भरायचं. हे सगळं करता येतं, कारण प्रत्येक भाग स्क्रूनं बसवलेला आहे. उघडणारा कुणीतरी पुढं येणार, हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलं होतं. आजची कित्येक यंत्रं चिकटवून बंद केलेली असतात; बिघडली की थेट कचऱ्यात.

आपल्याकडे हे यंत्र उशिरा आलं, यात नवल नाही. तिकडे थंडीमुळे घरभर गालिचे. इथं शहाबादी फरशी, केरसुणी आणि ओलं फडकं. 1982 मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेली मुलं युरोक्लीन घेऊन दारोदार फिरू लागली. त्यांतला एक आपल्या वर्गातला होता. तिसऱ्या रांगेत बसून हसतोय बघा! गादीतून काढलेली धूळ त्यानं माझ्या आईला दाखवली. आई म्हणाली, "यंत्र चांगलंय रे, पण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू केरसुणीलाच वाहायचं."

आईचं बरोबर होतं. आपण केरसुणीची पूजा करतो. मला विचारायचंय ते झाडणाऱ्याबद्दल. आपले शिपाईमामा रोज सकाळी शाळा भरायच्या आधी बारा वर्ग झाडायचे. तोंडाला पंचा गुंडाळलेला, मैदानाची माती आणि वर खडूची भुकटी. प्रार्थनेला आपण उभे असायचो तेव्हा जिन्याखालून त्यांचा खोकला यायचा. कँटनच्या त्या दमेकऱ्याची हकिकत मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला तो खोकला स्पष्ट ऐकू आला. अडचण कुठं आहे हे झाडणाऱ्याला सगळ्यांत आधी कळतं. त्याच्या हाताशी मोटर आणि स्क्रूड्रायव्हर असेल, तर उपायही त्यालाच सुचतो.

म्हणून शाळेला एक भेट आणली आहे. 1950च्या दशकातला एक हूवर, वायर नवी घातलेला. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230ची. म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मर आहे. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की तो काचेच्या कपाटात ठेवू नका. आठवीच्या मुलांना आणि मुलींना पूर्ण खोलू द्या, पुन्हा जोडू द्या. एखादा स्क्रू हरवला तर मी पाठवीन.

दुसरी विनंती स्मरणिकेच्या संपादकांना. आपल्या वेळच्या शिक्षकांची यादी तुम्ही छापणार आहात. त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, मामांचं पूर्ण नाव येऊ द्या. आपण त्यांना फक्त 'मामा' म्हणत आलो. कार्यालयातल्या जुन्या पगारपत्रकात ते नक्की सापडेल.