शेवटचे वर्ष : घर की वसतिगृह?

अकरावीची परीक्षा आटोपली की नाशिकमधील पुष्कळ घरांत एक प्रश्न दबक्या स्वरात निघतो. मुलाला अथवा मुलीला बारावीच्या वर्षासाठी निवासी विद्यालयात पाठवावे काय? घरी अभ्यास होत नाही, तेथे शिस्त लागेल, असे वडिलांस वाटते. मुलाच्या जेवणाखाण्याचे कसे होईल, या काळजीने आईचा जीव खालीवर होतो. ज्याच्याविषयी हा खल चालतो, त्याला मात्र बहुधा सर्वांच्या शेवटी विचारले जाते.

महाराष्ट्राला वसतिगृह ही वस्तू नवी नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली. नाशिकमध्येही 1914 साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाने खेड्यापाड्यांतील मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. त्या काळी गावात शाळा नसे. म्हणून मूल घर सोडी. आज ज्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर महाविद्यालय आहे, त्याने घर का सोडावे, याचे उत्तर निराळे शोधले पाहिजे.

पंचवटीतील एका गृहस्थांच्या घरी हे उत्तर अनपेक्षित रीतीने सापडले. त्यांची कन्या शास्त्रशाखेत अकरावी उत्तीर्ण झाली आणि आपण होऊनच वसतिगृहात जाण्याचा हट्ट धरून बसली. वडिलांनी हिशेब मांडला. जूनमध्ये वर्ग सुरू होतात आणि फेब्रुवारी-मार्चात परीक्षा येते; म्हणजे हाती जेमतेम आठ महिने. त्यांतील पहिले काही आठवडे नवी जागा, नवे शिक्षक व नव्या सोबतिणी अंगवळणी पडण्यात जाणार. राज्य मंडळाच्या परीक्षेत भौतिक, रसायन व जीवशास्त्र या प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे. तेथे प्रयोगशाळाही अनोळखी असणार. शिवाय केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावीलाच नोंदणी होत असल्याने बारावीत शाळा बदलावयाची तर सबळ कारण व मंडळाची अनुमती लागते. सर्व मुद्दे बिनतोड होते. मुलगी मात्र ऐकेना.

“तुला येथे काय उणे आहे?” असे वडिलांनी विचारले, तेव्हा ती गप्प राहिली. रात्री आईपाशी तिने मन मोकळे केले. “बाबा कचेरीतून येतात आणि पायांतल्या चपला काढण्याआधी गुण विचारतात. खाली त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की वाचलेले सारे विसरायला होते.”

आईने हे शब्द जसेच्या तसे पतीच्या कानी घातले. त्या गृहस्थांस ते झोंबले. मुलीसाठीच आपण झिजतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी मुलीला जवळ बोलावले व म्हटले, “एक महिना मी गुणांचे नाव काढणार नाही. त्यानंतरही तुला जावेसे वाटले, तर पोचवायला मी स्वतः येईन.” तो महिना मुलीपेक्षा बापालाच जड गेला. कित्येकदा प्रश्न ओठांवर येई आणि ते तो चहाबरोबर गिळीत. महिना संपला तेव्हा मुलीनेच सांगितले, “बाबा, मी येथेच राहते.”

यावरून वसतिगृह वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. घरात नित्य कलह असेल, व्यसनाने घर पोखरले असेल, किंवा गावात विषयाचा शिक्षकच नसेल, तर शेवटच्या वर्षीही बाहेर पडणे हितकर ठरते. ज्याला सैन्यात जावयाचे आहे, त्याच्यासाठी निवासी शिस्तीचे मोल मोठे आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 मध्ये नाशिकमध्ये उभारलेले भोसला सैनिकी विद्यालय याच विचारातून निघाले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी करून घेणारी सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था 1977 मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, निघाली आणि मुलींसाठी तशीच संस्था 2023 मध्ये नाशिकला सुरू झाली. परंतु या संस्था विद्यार्थी घेतात तो दहावीनंतर, पुढली दोन वर्षे हाती ठेवून. रोप लावण्याचा हंगाम असतो. फळ धरण्याच्या वेळी ते उपटून दुसरीकडे लावीत नाहीत.

जाण्याचे ठरलेच, तर पालकांनी इमारत पाहून भुलू नये. मूल रात्री आजारी पडल्यास त्याच्याजवळ कोण असते, अडलेले गणित सायंकाळी कोण समजावते, घरी बोलण्याची मुभा केव्हा असते आणि मूल मध्येच परतल्यास शुल्काचे काय होते, हे आधी विचारून घ्यावे. तेथे राहणाऱ्या दोन-चार मुलांशी अधिकाऱ्यांच्या गैरहजेरीत बोलावे.

आणि या सर्वांच्या आधी एक प्रश्न स्वतःच्या मुलाला विचारावा : तुला तेथे जावयाचे आहे, की येथून निघावयाचे आहे? पहिले उत्तर आले, तर त्याची पेटी आनंदाने भरावी. दुसरे आले, तर प्रथम घराकडे पाहावे. तेथे जे सुधारण्यासारखे असेल, त्याला बहुधा प्रवेशशुल्क पडत नाही.