मुक्कामाला येतो कोण?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याआधी २०१४ साली बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला होता. रस्ता आणि वाघ दोन्ही दाराशी आल्यावर वर्धा जिल्ह्यात सेलूच्या बाजूला एखादे फार्महाऊस बांधावे, ते ऑनलाइन दोन-तीन दिवसांच्या मुक्कामासाठी द्यावे आणि घरबसल्या भाडे घ्यावे, असा विचार नोकरदारांच्या आणि निवृत्तांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा घरात बहुधा आयुष्यभराची पुंजी जाते, म्हणून हा विचार चारचौघांत तपासायला हवा. वर्धा जिल्ह्यात मुक्कामाच्या व्यवसायाला निश्चित जागा आहे. पण सुट्टी घालवायला येणाऱ्यांसाठी नवा बंगला उभारणाऱ्यापेक्षा, आजारपणासाठी, शिक्षणासाठी किंवा कामासाठी येणाऱ्याला राहत्या घरातली खोली देणाऱ्याला इथे जास्त आधार आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. जागा, बांधकाम आणि सामान मिळून ४० लाख रुपये गेले, असे धरू. हीच रक्कम सात टक्क्यांनी बँकेत ठेवली असती तर वर्षाला २ लाख ८० हजार रुपये आले असते. राखणदाराचा पगार महिना १० हजार. रंगरंगोटी, डागडुजी आणि कर वर्षाला ६० हजार. हा १ लाख ८० हजारांचा खर्च घर रिकामे राहिले तरी टळत नाही. एका रात्रीचे भाडे २,५०० रुपये मिळाले आणि त्यातले धुलाई, वीज, साफसफाई, संकेतस्थळाचे कमिशन यांत ७०० गेले, तर हाती १,८०० उरतात. म्हणजे नुसते बँकेच्या व्याजाइतके मिळायला वर्षाच्या ३६५ पैकी २५६ रात्री घर भरलेले हवे. जुलै ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत जंगल सफारी बंद असते. उरलेल्या नऊ महिन्यांच्या रात्री होतात २७३. वाघाच्या भरवशावर बांधलेल्या घराला त्यातल्या जवळजवळ सगळ्या भरून हव्यात, मंगळवार-बुधवारच्यासुद्धा. फक्त शनिवार-रविवारच भरले, तर त्या नऊ महिन्यांत ७८ रात्री होतात आणि हाती येतात १ लाख ४० हजार. राखणदार आणि डागडुजीचा खर्चही त्यातून निघत नाही, व्याजाची तर गोष्टच सोडा.

बोरकडून इतकी अपेक्षा ठेवणे त्या जंगलावरही अन्याय आहे. हा देशातल्या लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, तर शेजारच्या ताडोबाचे ६२५. एवढ्या जंगलात रोज सोडता येतील अशा गाड्यांना मर्यादा आहे आणि ती असलीच पाहिजे. मुक्कामाच्या खोल्या कितीही वाढल्या तरी सफारीच्या जागा त्या प्रमाणात वाढणार नाहीत. समृद्धीबद्दलही असाच गैरसमज आहे. रस्ता जितका वेगवान, तितकी वाटेत थांबण्याची गरज कमी. नागपूरचे कुटुंब सकाळी निघून सेवाग्राम आणि पवनार पाहून संध्याकाळी घरी परतते. लोणावळा-अलिबागच्या व्हिलांचा नमुनाही इथे चालणार नाही. तिथला बराच धंदा रात्रीच्या पार्ट्यांवर उभा आहे, आणि आपला जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा आहे. ही बंदी मला या जिल्ह्याची शान वाटते, पण गुंतवणूकदाराने ती हिशेबात धरलीच पाहिजे.

मग मुक्काम करतो कोण? १९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय, तिथलेच कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे विनोबा भावे रुग्णालय, इथे आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाबरोबर घरचे एक-दोघे आठ-दहा दिवस राहतात. त्यांना आंघोळीची सोय, चुलीची किंवा गॅसची मुभा आणि रुग्णालयात डबा नेता येईल इतके अंतर हवे असते. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात प्रवेशासाठी, मुलाखतीसाठी, परिसंवादासाठी माणसे येतात. सेवाग्राम आश्रमात अभ्यासक येतात, काही परदेशांतूनही. २०२३ च्या फेब्रुवारीत ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरले, तसे प्रसंग अधूनमधून येतात. पण त्यांवर कोणी घर बांधू नये. रुग्णाच्या नातेवाइकाला मात्र पावसाळा-उन्हाळा पाहण्याची चैन नसते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीत जातो तेव्हा सहलीला इथे कोण येणार? रुग्णालय तेव्हाही भरलेलेच असते.

आता राहत्या घरातल्या दोन खोल्यांचा हिशेब. स्वतंत्र संडास-बाथरूम आणि कूलर यांसाठी ३ लाख घातले, तर त्याचे व्याज २१ हजार. डागडुजी ३० हजार. रात्रीचे ९०० घेतले आणि खर्च ३०० झाला, तर दोन्ही खोल्या मिळून वर्षात ८५ रात्रींत हे ५१ हजार भरून निघतात. पुढची प्रत्येक रात्र घरच्या कष्टाचा मोबदला देते. कारण इथे कष्ट आहेतच: चादरी धुणे, रात्री अकराला दार उघडणे, पाण्याची टाकी बघणे. हे उत्पन्न श्रमाचे आहे आणि त्याकडे तसेच पाहिले तर फसवणूक होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की भाडे गेले तरी जमिनीचा भाव वाढेलच. वाढेलही. पण मग ती जमिनीची गुंतवणूक झाली. तिच्यासाठी वर बंगला बांधून राखणदार ठेवण्याचे कारण उरत नाही. शिवाय विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर त्यानुसार परवानगी लागते. ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून जे दाखवले जाते त्याचा सातबारा आणि अकृषक आदेश पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ज्याची शेती आहेच, त्याची गोष्ट वेगळी. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण त्याच्यासाठीच आहे, आणि महिलांनी असा व्यवसाय उभारला तर ‘आई’ धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आजारी माणसाच्या नातेवाइकांकडून पैसे कमावणे या भूमीला शोभते का? १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, येऊन राहिले, ते कमीत कमी गरजांत राहण्यासाठी. पण तोच नातेवाईक आज व्हरांड्यात झोपतो किंवा स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खर्चिक खोली घेतो. रास्त दराची स्वच्छ खोली ही त्याची गरज आहे, आणि ज्याला तीही परवडत नाही त्याच्यासाठी धर्मशाळाच हवी. ते काम खासगी खोल्यांवर ढकलता येणार नाही. तिसरी शंका विद्यार्थ्यांची. सगळेच रोजच्या भाड्याकडे वळले तर महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्या मुलांनी कुठे जायचे? ही भीती पोकळ नाही. बार्सिलोना शहराने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे ठरवले, ते घरभाड्यांच्या याच ताणामुळे. म्हणूनच मालक जिथे स्वतः राहतो त्याच घरातल्या खोल्यांचा आग्रह मी धरतो. पूर्ण सदनिका रिकाम्या करून रोजच्या भाड्याला लावणे सेवाग्राम-सावंगीच्या परिसरात होऊ नये आणि स्थानिक संस्थांनी त्यावर आतापासून लक्ष ठेवावे. खोली देणाऱ्यानेही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, पाहुण्याचे ओळखपत्र पाहून वहीत लिहावे आणि परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी. आश्रमामुळे ही वेळ वर्ध्यातही येते.