काळाचे माप आणि स्वावलंबन



विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी एके काळी पाण्यावर घटिकापात्र सोडले जाई. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले ते पात्र भरून बुडाले, की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. साठ घटकांची अहोरात्र, साठ पळांची घटका, साठ विपळांचे पळ. ज्या समाजाने सेकंदाहून लहान असलेल्या विपळालाही नाव दिले, त्याला कालमापनाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

घड्याळ कोणतेही असो, ठरावीक गतीने पुन्हा पुन्हा घडणारी घटना मोजणे हेच त्याचे काम. लंबक उष्णतेने लांबतो, यंत्र झिजते. अणू मात्र झिजत नाही. सीझियमचा अणू लंडनमधला असो वा दिल्लीतला, त्याचा स्वभाव एकच. हे हेरून १९५५ साली इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लुई एसेन व जॅक पॅरी यांनी सीझियमचे पहिले व्यवहारोपयोगी अणुघड्याळ सिद्ध केले. १९६७ साली सेकंदाची व्याख्याच बदलली. सीझियम-१३३ अणूच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, असे जगाने मान्य केले.

पट्टीवरील रेघा जितक्या बारीक, तितके माप अचूक. म्हणून शास्त्रज्ञ सूक्ष्मतरंगांकडून प्रकाशलहरींकडे वळले. स्ट्रॉन्शियमच्या घड्याळातील प्रकाश सेकंदाला सुमारे ४२९ लाख कोटी आवर्तने करतो. ती मोजण्याचे साधन विकसित करणारे जॉन हॉल व थिओडोर हेन्श २००५ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पृथ्वीपासून जितके उंच जावे तितका काळ किंचित वेगाने सरतो, हे आइन्स्टाइनचे भाकीत. अमेरिकेतील बोल्डर येथे २०२२ साली हा फरक अवघ्या एक मिलिमीटर उंचीसाठी मोजला गेला. २०२५ साली तेथेच ॲल्युमिनियमच्या आयनाचे असे घड्याळ सिद्ध झाले, की ते विश्वाच्या वयाइतकी, सुमारे १३८० कोटी वर्षे चालले, तरी अर्ध्या सेकंदानेही चुकणार नाही.

एवढ्या अचूकतेचा सामान्य माणसाला काय उपयोग, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. उत्तर खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. उपग्रहाकडून संदेश येण्यास किती वेळ लागला, यावरून आपले स्थान निश्चित होते. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक! मच्छीमाराची नौका असो वा सीमेवरचे विमान, त्यांचा मार्ग घड्याळावर अवलंबून असतो.

याचा कटू अनुभव भारताने घेतला आहे. स्वदेशी दिशादर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी अवकाशात गेला. उपग्रह आपला होता, परंतु त्यातील रुबिडियमची घड्याळे युरोपातून आणलेली होती. २०१६ साली त्याची तिन्ही घड्याळे बंद पडली. उपग्रह धडधाकट, पण स्थान सांगण्यास असमर्थ! त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. पर्यायी उपग्रह कक्षेत जाण्यास एप्रिल २०१८ उजाडले.

इस्रोचे शास्त्रज्ञ खचले नाहीत. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात रुबिडियमचे घड्याळ घडले आणि २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहातून ते अवकाशात गेले. पुढचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये झडप न उघडल्याने नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही, हेही विसरता कामा नये. स्वावलंबनाची वाट एका यशाने संपत नाही.

आता सेकंदाची व्याख्या प्रकाशीय घड्याळांच्या आधारे नव्याने करण्याचा विचार जगात चालू आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतही यटर्बियमच्या एकाच आयनावर चालणारे घड्याळ उभारण्याचे कार्य हाती घेण्यात आले आहे. अशा कामाला वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. त्यात टाळ्या थोड्या आणि कष्ट फार. घरातील बुद्धिमान मुलामुलींना या खडतर वाटेकडे वळवणे, हे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. आयात केलेले घड्याळ बंद पडले, तर दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते. घडवण्याची विद्या घरात असेल, तर नवे घडवता येते.